टीव्हीत आलेला दादा

आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं, खाली फरशीवर मांडीला मांडी लावून माणसं. दारात चपलांचा असा ढीग, की आमच्याच घरातून बाहेर पडायचं तर आधी लोकांच्या चपला तुडवायला लागायच्या. दादा गेला तेव्हासुद्धा एवढे लोक आले नव्हते. आता तो परत यायला लागला होता ना, म्हणून आले होते.

टीव्ही बंद होता. त्या काळ्या काचेत आमची सगळ्यांची तोंडं दिसत होती, विहिरीत वाकून बघितल्यावर दिसतात तशी.

टीव्हीशेजारी खुर्चीत महाराज. पांढरेशुभ्र कपडे, दाढी अशी विंचरलेली की एक केस इकडचा तिकडे नाही. त्यांनी दोन्ही तळवे लोकांना उलटेसुलटे करून दाखवले.

"हातात काही आहे? नाही. रिमोट कुठंय? ताईंकडे. ताई, दाखवा बरं सगळ्यांना."

आईनं रिमोट वर धरला.

"आता ऐका," महाराजांनी डोळे मिटले. "देह म्हणजे काय? मोबाईल. पडला, फुटला, संपला. आपण रडतो. अरे, रडता कशाला? आत्म्याचा बॅकअप वर असतो, वर! तो उतरवून घ्यायला फक्त नेटवर्क लागतं. आणि ते नेटवर्क..." छातीवर हात. "इथं आहे."

"वा वा," खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला. हा माणूस कुठल्याही वाक्याला वा वा म्हणतो.

एरवी मी फिस्सकन हसले असते. आता हसू येईना. पुढं काय होणार ते माहीत होतं.

"ये बाळा," महाराज हळूच म्हणाले. "आई वाट बघतेय."

काही नाही. वर पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग टीव्हीच्या खालचा बारीक लाल दिवा पांढरा झाला. कोणी हात लावला नव्हता. पडदा उजळला आणि त्याच्यात माझा दादा आला. केस ओले, खांद्यावर टॉवेल, एकदम जवळ. सरळ आमच्याकडे बघून हसला.

"काय बघताय एवढं?" दादा म्हणाला.

आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला इथं लिहून दाखवता येणार नाही. मावशी तिच्या गळ्यात पडली. लोकांनी हात जोडले. मी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभी राहिले. सगळे म्हणतात ही पोरगी तापट आहे, काही झालं की आधी भडकते. त्या दिवशी राग आलाच नाही. नुसती भीती आली.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

दादा अपघातात गेला. त्याची खोली आहे तशी आहे. त्याचा कॉम्प्युटर चालू होता तो कोणी बंद केला नाही. पप्पा एकदा बटणाजवळ हात घेऊन गेले तर आई किंचाळली. त्या कॉम्प्युटरचा पंखा घुरघुर आवाज करतो. आईला वाटायचं, पोरगा आत झोपलाय. दार लोटून घ्यायची आणि बाहेर बसून तो आवाज ऐकायची. अशा बाईला काय सांगणार तुम्ही? लाईटचं बिल?

त्या कॉम्प्युटरमध्ये आमचं सगळं आहे. दादाला मोबाईल माझ्याकडे फेकून "ठिणगे, शूट कर" म्हणायची सवय होती. ठिणगी म्हणजे मी. त्यामुळं त्याचे ढिगानं व्हिडिओ. हॉलमध्ये टीव्हीला त्याचा गेमचा कन्सोल जोडलेला आहे. कॉम्प्युटरमधले पिक्चर तारबीर न ओढता त्या कन्सोलवरून मोठ्या टीव्हीवर बघायचे, हे दादाचं स्वप्न. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्याच्यामागं लागलो. कॉम्प्युटरला कन्सोल दिसेना, कन्सोलला कॉम्प्युटर दिसेना, अबोला धरलेल्या जावा जशा. मी वैतागून सगळ्याच वायरी उपटायला निघाले, तर दादानं माझा हात धरला. "मूर्ख, सगळं एकदम बदललंस तर नक्की कशानं झालं ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट." मग एकेक करत गेलो. राउटर बंद करून चालू. मग कॉम्प्युटरची सुरक्षा कुठं अडवतेय ते बघ. मग फोल्डर सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेव. ते उघडल्यावर टीव्हीवर आमची तोंडं झळकली आणि आम्ही सोफ्यावर उड्या मारल्या. नंतर दादानं कन्सोल असा लावून ठेवला की तो कधी पूर्ण झोपायचाच नाही. मोबाईलवरून उठवला की उठायचा आणि सोबत टीव्हीला पण उठवायचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी घाबरले. का, ते सांगते.

दादा गेल्यावर मावशीनं महाराजांना आणलं. सोबत एक चेला, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि लगेच वायफायचा पासवर्ड. दादा तर पासवर्ड सांगून सांगून इतका कंटाळला होता, की त्यानं तो कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. चेल्यानं पाणी प्यायलं, कागद वाचला, "महाराजांचं प्रवचन लावतो" म्हणाला. आई म्हणाली, लावा की.

त्यानंतर एकदा दुपारी घरात मी आणि बारक्या दोघंच होतो. बारक्या म्हणजे आमचा धाकटा. तो जमिनीवर गाड्या फिरवत होता, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि टीव्ही लागला. आपोआप. दादा पडद्यावर, एकदम काचेला नाक लावल्यासारखा, आणि म्हणाला, "ठिणगे, घाबरलीस?"

मी बारक्याला काखेत मारला आणि अनवाणी जिना उतरून थेट रस्त्यावर. रस्त्यावरच्या लोकांसमोर मी रडले. कळतं सगळं हो डोक्याला. पण मेलेला भाऊ हाक मारतो ना, तेव्हा डोकं कुठं असतं?

मावशी म्हणाली, "बघ ताई, ही कशालाच न मानणारी पोरगी. शाळेत बाईंशी भांडून दप्तर तिथंच टाकून आलेली. ती सुद्धा कापतेय! म्हणजे खरंच आहे."

आणि मग आमच्याकडे बैठका सुरू झाल्या.

तोवर मला नुसती भीती वाटत होती. खरी धडकी भरली ती पुढच्या बैठकीत. त्या दिवशी दादा आला तो बारक्याच्या विषयावर.

बारक्याला फिट येते. लहानपणी फार यायच्या. मग डॉक्टरबाईंनी गोळ्या चालू केल्या, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. कितीतरी दिवसांत त्याला एकही फिट आली नव्हती. त्याला गोळी द्यायचं काम दादाचं होतं, दादानंतर आईचं.

महाराजांनी विचारलं, "बाळा, तुझ्या धाकट्या भावासाठी काही निरोप आहे का रे?"

टीव्ही लागला. दादा म्हणाला, "आई, बास झालं. नको देऊ त्याला. मी आहे ना."

आणि पडदा काळा.

"काय नको देऊ?" आई खुर्चीतून पुढं सरकली. "काय नको देऊ, राजा?"

महाराजांनी मोठा श्वास घेतला. "ताई, रोज काय देता तुम्ही त्या लेकराला?"

मी तिथंच ओरडले, "आई! हा जुना व्हिडिओ आहे! मी काढलाय, मीच! गेम खेळत होतो आपण!"

महाराज चिडले नाहीत. हसले. "असेल ना, बेटा. जुनाच असणार. आत्म्याला नवा आवाज कुठून येणार? देह नाही, घसा नाही. तो आपल्या जुन्याच शब्दांतून बोलतो. प्रश्न हा आहे, की हजार व्हिडिओ असताना आज, ह्या घटकेला, त्यानं हेच शब्द का निवडले?"

"वा वा," शिंपी म्हणाला.

माझ्या डोळ्यांसमोर आई उठली, कपाटातून बारक्याच्या गोळ्या काढल्या, असतील नसतील तेवढ्या सगळ्या, आणि महाराजांच्या ओंजळीत टाकल्या. ते म्हणाले, वाहत्या पाण्यात सोडतो.

पप्पा डिलिव्हरीची व्हॅन चालवतात. मी खाली जाऊन व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "पप्पा, बारक्याची गोळी बंद केलीय आईनं. काहीतरी करा."

ते स्टेअरिंगकडे बघत राहिले. "तुझी आई जेवायला लागलीय गं. काल माझ्याशी चार वाक्यं बोलली. लगेच मोडू नको. दोन दिवस बघू."

"आणि त्याला फिट आली म्हणजे?"

त्यांनी स्टेअरिंगवरची धूळ बोटानं पुसली. मला कळलं, हेही घाबरलेत. बारक्याला आणि आईला, दोघांना एकदम वाचवता येत नव्हतं त्यांना.

त्या संध्याकाळी जेवताना बारक्या मध्येच थांबला. घास हातात, नजर भिंतीवर, हाक मारली तर उत्तर नाही. मग परत जेवायला लागला, जसं काही झालंच नाही. ही सुरुवात असते. मला माहीत होतं.

मी दादाचं सूत्र लावायला घेतलं. एका वेळी एक गोष्ट. पहिली गोष्ट राउटर. पुढच्या बैठकीला महाराज डोळे मिटून "ये बाळा" म्हणायच्या आधी मी त्याची पिन काढली.

"ये बाळा." काही नाही. "ये, आई वाट बघतेय." काही नाही.

मला वाटलं, जिंकले! लोक चुळबुळायला लागले. महाराजांच्या कपाळावर घाम. पण तो माणूस कच्चा नव्हता. डोळे उघडून एकदम माझ्याकडे बघितलं. "घरात कोणीतरी त्याचा रस्ता अडवतंय. तो रडतोय, ताई. दारात उभा राहून रडतोय. आत येता येत नाहीये त्याला."

आई उठली. मला वाटलं थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या पाया पडायला वाकली. माझी आई, माझ्या पाया! "काय केलंयस ते परत नीट कर गं बाई. त्याला येऊ दे आत. मी तुला कधी काही बोलणार नाही."

मी पिन परत लावली. काय करणार? आणि लगेच टीव्ही उजळला. आईनं दादाच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. "तू त्याच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाहीस."

पण एक गोष्ट कळली. राउटर बंद, तर आत्मा बंद. वरच्या बॅकअपला आमच्या राउटरचं काय एवढं पडलं होतं?

मग मी टीव्हीकडे नीट बघायला लागले. रडत नाही, घाबरत नाही, नुसतं बघते असं स्वतःला बजावून. व्हिडिओ सुरू होतो ना, तेव्हा कन्सोल खालच्या कोपऱ्यात क्षणभर लिहून दाखवतो की हा कुठून येतोय. आमच्या कॉम्प्युटरला दादानं नाव दिलं होतं, 'अड्डा'. ओल्या केसांचा व्हिडिओ आला, तेव्हा कोपऱ्यात 'अड्डा'. बरोबर. आईला आवडला म्हणून महाराजांनी बारक्याचा निरोप परत मागवला, "नको देऊ त्याला", तेव्हा कोपऱ्यात 'अड्डा' नव्हतं. कुठल्यातरी मोबाईलचं नाव होतं.

म्हणजे हा तुकडा आमच्या कॉम्प्युटरमधून येत नव्हता. कोणीतरी तो आधी उतरवून घेतला होता, कापला होता, आणि आता स्वतःच्या मोबाईलवरून टीव्हीवर ढकलत होता.

सगळे आत टीव्हीकडे बघत होते, चेला तेवढा कुठं दिसेना. मी चपला तुडवत बाहेर गेले.

चेला गच्चीकडच्या जिन्यात बसला होता. मान खाली, मांडीवर मोबाईल. आतून महाराजांचा आवाज आला, "अजून एकदा दर्शन दे, बाळा." चेल्याचा अंगठा हलला. आत लोक "आहाहा" करून उठले.

"दे तो मोबाईल," मी म्हणाले.

तो दचकलासुद्धा नाही. गोड हसला. "ये, बस. तुला बघायचाय ना दादा? सगळे आहेत माझ्याकडे. हसणारा आहे, रागावलेला आहे. एकात तो तुझ्यावर जाम भडकलाय, 'हिला घराबाहेर काढा, हिनं वाट लावलीय' असं म्हणतोय. आठवतंय?"

आठवत होतं. मी त्याचा गेम पुसून टाकला होता तेव्हाचं.

"तो उद्या लागला तर तुझी आई काय करेल?" त्यानं मोबाईल खिशात ठेवला. "आत जाऊन सांग ना माझं नाव. शाळा सोडलेली, तोंडाळ पोरगी. आणि इकडे महाराज. बघू कोणाचं ऐकतात."

मी आत नाही गेले. गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागं बसले, आणि खूप वेळ दात वाजत राहिले. थंडी नव्हती. तो बरोबर बोलत होता. आई माझं ऐकणार नव्हती, ती फक्त दादाचं ऐकणार होती.

ठीक आहे, म्हटलं. मग दादाच बोलू दे.

खोलीला कुलूप होतं, पण कॉम्प्युटर चालू होता. फोल्डर उघडा होता. ज्या रस्त्यानं तो चेला आत शिरत होता, तो रस्ता माझ्या मोबाईललाही मोकळा होता. मी जिन्यात बसून दादाचे व्हिडिओ चाळायला लागले. कशालाच नाव नाही, नुसते आकडे. एकेक उघडून बघायचा. दादा दात घासतोय. दादा पप्पांची नक्कल करतोय. दादा बारक्याला पाठुंगळीला घेऊन धावतोय. तो गेल्यापासून मी यातलं काहीच बघितलं नव्हतं, हिंमतच झाली नव्हती. आता एकामागून एक बघत होते, डोळे पुसत होते, पुढचा उघडत होते, आणि कान घराकडे. बारक्या पडल्याचा आवाज तर नाही ना आला?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो "नको देऊ"वाला व्हिडिओ सापडला. पूर्ण. बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आला एकदाचा राग, इतक्या दिवसांनी.

संध्याकाळची बैठक. हॉल खचाखच. आईनं बारक्याला अगदी पुढं बसवलं होतं, महाराजांच्या पायाशी. मी भिंतीला टेकून, मोबाईल मुठीत. ठरवलं होतं, महाराजांनी डोळे मिटले की मी बोलायला उठायचं.

उठायची वेळच आली नाही. बारक्याच्या हातातली गाडी खाली पडली. त्याची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि तो धाडकन आडवा झाला. मग हातपाय झटके द्यायला लागले.

आणि महाराज, त्या माणसाच्या तोंडून काय निघावं? दोन्ही हात वर करून ते ओरडले, "आला! अंगात आला! दादा धाकट्याच्या अंगात आला!"

लोकांनी हात जोडले. माझा भाऊ फरशीवर डोकं आपटतोय आणि लोक त्याला हात जोडतायत! मावशी म्हणाली, "विचार ताई, विचार त्याला काय हवंय!" आणि आई गुडघ्यावर बसली. "राजा? तूच आहेस का रे?"

मी कोणाच्या खांद्यावर पाय दिला, कोणाला ढकललं, मला माहीत नाही. "सरका! फिट आहे ती! सरका!" त्याच्या डोक्याखाली उशी सारली, त्याला कुशीवर वळवला. कोणीतरी चमचा घेऊन आलं दातात घालायला. मी चमचा उडवून लावला. "तोंडात काही घालायचं नाही! पप्पा! इकडे या! असंच कुशीवर राहू दे, दाबून धरू नका."

पप्पा आले. धावत आले. त्यांचा हात त्याच्या पाठीवर बसला तेव्हा मी मोबाईल काढला.

"आई. टीव्हीकडे बघ. दादा बोलतोय."

पडदा उजळला. आमचाच हॉल, आमचाच सोफा. बारक्या तोंड फिरवून बसलेला. आई गेमचा कंट्रोलर त्याच्या हातात देतेय आणि म्हणतेय, "जाऊ दे रे, खेळू दे त्याला थोडा, मग घेईल."

आणि दादा म्हणाला, "आई, बास झालं. नको देऊ त्याला. मी आहे ना."

इथं तो व्हिडिओ संपायचा रोज. आज संपला नाही. दादा बारक्यासमोर उकिडवा बसला, मुठीतली गोळी दाखवली.

"आधी गोळी, मग गेम. चल वाघा, आ कर."

पडदा मध्येच लुकलुकला. परत तोच तुकडा, मोठा करून, "नको देऊ त्याला." जिन्यातून चेल्यानं ढकलला होता. मी माझा लावला. "आधी गोळी." त्यानं त्याचा लावला. "नको देऊ." मी माझा. आमच्या टीव्हीत दोन दादा भांडायला लागले. लोक एकदा टीव्हीकडे बघायचे, एकदा माझ्या मोबाईलकडे, त्याच्यावरही दादाच.

"जिन्यात बघा!" मी ओरडले. "जिन्यात कोण बसलंय ते बघा!"

दाराजवळ शिंपी होता. तो उठला, बाहेर गेला, आणि चेल्याच्या शर्टाची कॉलर धरूनच आत आला. चेल्याच्या मोबाईलचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला. त्यात आमचा दादा, अर्धा कापलेला. शिंपी या वेळी वा वा म्हणाला नाही. म्हणाला, "अरे हरामखोरा, आधी कॉलर सांभाळ, फाटली तर मी शिवून नाही देणार."

कोणी हसलं नाही. सगळे महाराजांकडे बघत होते. महाराज म्हणाले, "हा... हा पोरगा तांत्रिक साहाय्य करतो फक्त," आणि दाराकडे सरकायला लागले.

आईला यातलं काही दिसत नव्हतं. "आधी गोळी" ऐकल्यावर ती टीव्हीकडे पाठ करून बारक्याशेजारी ओणवी झाली होती, त्याच्या कपाळावर हात. झटके थांबले होते. तो घोरल्यासारखा श्वास घेत होता. तिनं मान वर केली आणि महाराजांना म्हणाली, "गोळ्या कुठायत माझ्या पोराच्या?" साध्या आवाजात. मला तिच्या त्या आवाजाची फिटपेक्षा जास्त भीती वाटली.

"ताई, त्या पाण्यात..."

"व्हॅन काढा," आई पप्पांना म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बारक्याला तपासलं, झोपू दिलं, आणि मग आम्हाला बाहेर बोलावलं. "ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. केली की फिट परत येते, कधीकधी थांबतच नाही. आज थांबली." एवढंच म्हणाल्या. कोणी बंद केली ते विचारलं नाही. आईनं स्वतःच सांगितलं.

बिल्डिंगमधले लोक अजून मला विचारतात. पण रिमोटला हात न लावता टीव्ही लागायचा कसा? मी दाखवते त्यांना. कन्सोल अर्धा जागा असतो. माझ्या मोबाईलनं त्याला उठवते, तो टीव्हीला उठवतो. कॉम्प्युटर चालू, फोल्डर उघडा, पासवर्ड दाराला चिकटलेला. झालं. शिंप्याच्या बायकोनं स्वतः बटण दाबून तिच्या नातवाचा फोटो आणला टीव्हीत, आणि नातू जिवंत आहे, समोरच बसला होता. "म्हणजे एवढंच?" ती म्हणाली. हो, एवढंच. तरी एकजण म्हणालाच, हे महाराज खोटे निघाले, पण खरे पण असतील की कुठंतरी. असतील तर त्यांनी राउटर बंद करून दाखवावं. मी पिन काढून उभी राहते.

मी काही शिकलेली नाही. घाबरू नका असंही मी कोणाला सांगणार नाही, मी स्वतः अनवाणी पळालेली आहे. घाबरा. पण घाबरलात तरी एवढं विचारा, की हे कशानं झालं? कोणाच्या हातात होतं? आणि तुमच्या गेलेल्या माणसाच्या तोंडून कोणी तुमच्या जिवंत माणसाचं औषध बंद करायला सांगितलं, तर त्याला दाराबाहेर काढा आणि डॉक्टरकडे जा. आधी जा. विचार गाडीत करा.

दवाखान्यातून आल्यावर आई पुष्कळ दिवस टीव्हीसमोर आली नाही. मग एकदा दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. बारक्या आत झोपला होता.

"तो आता येत नाही ना?" तिनं विचारलं.

खोटं बोलले असते तर ती हसली असती. "नाही, आई. आधीही येत नव्हता."

मला वाटलं आता उठून जाईल, परत जेवण सोडेल, परत दारापाशी बसेल. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिनं माझा मोबाईल ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. चष्मा लावला.

"कुठलं बटण दाबायचं ते शिकव," आई म्हणाली. "मला बघावासा वाटेल तेव्हा मी लावीन त्याला. दुसऱ्या कोणाला विचारणार नाही."